अनुभव धागा: जुने व्हिडीओ गेम आणि आताचे कन्सोल – जोडणी, बिघाड, दुरुस्ती

टिंब
माळ्यावरचा व्हिडीओ गेम आताच्या टीव्हीला कसा जोडायचा आणि नवा कन्सोल घेताना काय पाहायचं, हे प्रश्न दर सुट्टीच्या तोंडावर येतात. उत्तरं मात्र चार ठिकाणी विखुरलेली असतात, म्हणून हा एक धागा. 'आमच्या लहानपणी...' अशा आठवणींना दुसरा धागा आहे, त्या तिकडे लिहा. इथे फक्त काय बिघडतं, का बिघडतं आणि कशाने सुटतं तेवढं. 'जुनं ते सोनं' म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण आकडे द्या.

सुरुवात मीच करते. आपल्याकडे ज्याला नुसतं 'व्हिडीओ गेम' म्हणत, तो डबा बहुतेक वेळा निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या जपानी फॅमिकॉमची नक्कल असे. सामुराई, मीडिया, मायक्रो जीनियस ही त्यातली नावं. मूळ यंत्रात ६५०२ जातीचा प्रोसेसर, वेग १.७९ मेगाहर्ट्झ, कामाची मेमरी २ केबी. प्लेस्टेशन ५ (पीएस५) मध्ये ती १६ जीबी आहे, म्हणजे ऐंशी लाख पटींहून जास्त. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' अख्खा ४० केबीत मावला होता. आज १०० जीबीच्या खेळाचं कुणाला नवल वाटत नाही.

पण खरा फरक आकड्यांत नाही, रचनेत आहे. त्या डब्यात ऑपरेटिंग सिस्टम नावाचं काही नव्हतंच. बटण दाबलं की प्रोसेसर थेट कॅसेटमधली चिप वाचायला लागतो. कॅसेट खाचेत बसली की ती सर्किटचाच भाग होते. आताची डिस्क म्हणजे माल आणून टाकणारी गाडी: खेळ एसएसडीवर (आतल्या वेगवान साठवणीवर) उतरतो, चालतो तिथूनच, आणि डिस्क पुढे फक्त मालकीचा दाखला म्हणून आत राहते. जुन्या-नव्यातले निम्मे बिघाड या एका गोष्टीवरून समजतात.

सोल्डरमामा
कॅसेटपासून सुरू करू. फॅमिकॉम जातीच्या कॅसेटला ६० पिना, एका बाजूला ३०. त्यातल्या काही प्रोसेसरकडे जातात, काही चित्राच्या चिपकडे. त्यामुळे पडद्यावर काय दिसतं त्यावरून कुठली बाजू मळली आहे ते ओळखता येतं.

पडदा एकाच रंगाचा, आवाज नाही, काही हलत नाही: प्रोग्रॅमची बाजू लागत नाहीये.
खेळ चालू आहे, संगीत बरोबर आहे, पण मारिओच्या जागी अक्षरांचा चिवडा: प्रोग्रॅम ठीक, चित्राच्या पिना मळल्या आहेत.
'९९९९ इन १' चा मेनू येतो पण खेळ निवडला की अडकतो: पत्त्याच्या (चिपमधली जागा सांगणाऱ्या) वरच्या ओळींपैकी एखादी सुटली आहे. मेनू चिपच्या एका कोपऱ्यात असतो, खेळ दुसऱ्या. (त्या ९९९९ मध्ये वेगळे खेळ काही डझनच असत, बाकी तेच खेळ नाव आणि लेव्हल बदलून, ही गोष्ट वेगळी.)

साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९० टक्क्यांच्या वरचं, आणि कापसाची काडी (इअरबड). पिनांच्या लांबीच्या दिशेने पुसा, आडवं नको. काडी काळी येणं थांबेपर्यंत बदलत राहा. वाळायला पाच मिनिटं. तरी डाग राहिला तर पांढरा खोडरबर हलक्या हाताने. जोर लावला तर सोन्याचा मुलामा निघतो आणि खालचं तांबं महिन्याभरात हिरवं पडतं. पॉलिश पेपर तर नकोच. नंतर डब्यातली खाच: पातळ प्लास्टिक कार्डाला सुती कापड गुंडाळा, अल्कोहोलने ओलं करा, पाच-सहा वेळा आत-बाहेर करा. खाचेतली पत्ती सैल झाली असेल तर बारीक सुईने अर्धा मिलिमीटर आत ओढा, त्याहून जास्त नाही.

आडगावकर
मग फुंकर मारून चालू व्हायचा ते कसं?

सोल्डरमामा
फुंकरीने नाही व्हायचा. कॅसेट काढून परत बसवली की पत्ती पिनेवर नव्या जागी घासते आणि संपर्क होतो. फुंकरीतली वाफ तेवढ्यापुरती मदत करत असेलही, पण तोच ओलावा पुढे गंज धरतो. फुंकर न मारता दोनदा काढून घाला, तेवढंच काम होतं.

निळी वायर
माळ्यावरून काढलेला डबा थेट प्लगमध्ये घालू नका. आधी ॲडॉप्टर तपासा. मूळ फॅमिकॉमचा ॲडॉप्टर १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअर, आणि आतली पिन ऋण. नकलांमध्ये बहुधा ९ व्होल्ट, पण पिनेची दिशा कंपनीगणिक बदलते. मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, लाल टोक पिनेच्या आत, काळं बाहेरच्या कड्याला. आकड्याआधी वजाचं चिन्ह आलं तर आतली पिन ऋण. डब्याच्या खाली छापलेल्या खुणेशी जुळवा, मगच जोडा.

जुने जड, ट्रान्सफॉर्मरवाले ॲडॉप्टर भाराशिवाय १२-१३ व्होल्ट दाखवतात. ते खराब नाहीत, भार आला की उतरतात. पडद्यावर आडवे पट्टे हळूहळू वर सरकत असतील आणि आवाजात घरघर असेल तर ॲडॉप्टरमधला कपॅसिटर सुकला आहे. बहुधा १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा असतो, २५ व्होल्टचा टाका. नाहीतर सरळ ९ व्होल्ट १ अँपिअरचा नवा एसएमपीएस (हलका, जड ट्रान्सफॉर्मर नसलेला) ॲडॉप्टर घ्या.

डब्यात आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो. पहिल्या पायावर ७ व्होल्टच्या वर, मधला ग्राउंड, तिसऱ्यावर ५ व्होल्ट मिळायला हवेत. जास्तीचं व्होल्टेज तो उष्णता करून टाकतो: ९ व्होल्ट, ४०० मिलिअँपिअर धरले तर चार व्होल्ट गुणिले ०.४, म्हणजे १.६ वॉट. १२ व्होल्टचा ॲडॉप्टर लावला तर तोच आकडा २.८ होतो, आणि अर्ध्या तासाने डबा गरम होऊन खेळ अडकायला लागतो. अशा वेळी लोक कॅसेटला दोष देतात. थंड झाल्यावर परत चालला तर रेग्युलेटरचा विचार करा. त्याच्या पाठीवर ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूने घट्ट आहे ना, तेही बघा.

ऊन-सावली
टीव्हीच्या जोडणीबद्दल. जुन्या डब्यात दोन वाटा असतात: ॲन्टेनाची आरएफ आणि पिवळी-पांढरी एव्ही. एव्हीच घ्या. आताच्या बऱ्याच टीव्हींना तीन रंगांच्या खाचा नसतात, ३.५ मिलिमीटरची एकच गोल खाच असते, चार कड्यांच्या पिनेची. इथे लोक फसतात, कारण कुठल्या कड्यावर ग्राउंड आणि कुठल्यावर चित्र हे प्रत्येक कंपनी वेगळं ठेवते. कॅमेऱ्याची जुनी वायर लावली आणि चित्राऐवजी कर्कश खरखर आली तर पिवळी पिन लाल किंवा पांढऱ्या टोकात घालून बघा. पुष्कळदा काम होतं. तरीही नाही झालं तर त्या टीव्हीसाठीचीच वायर मागा.

चित्र आलं पण पुसट आणि फाटलेलं? जुना डबा एका दमात पूर्ण चित्र पाठवतो, प्रत्येक वेळी त्याच ओळींवर. नवा टीव्ही समजतो की हे अर्धं चित्र आहे, उरलेल्या ओळी पुढच्या वेळी येतील. मग तो दोन चित्रं एकात विणतो. मारिओला धक्का लागल्यावर तो लुकलुकतो ना, एका फ्रेमला दिसतो, पुढच्याला नाही? विणकामात तो जाळीदार दिसतो किंवा पार गायबच होतो. बाजारातल्या 'एव्ही टू एचडीएमआय' डब्या हीच चूक करतात, वर चित्र ताणून १६:९ करतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ४:३ करून ताण काढता येतो, विणकाम नाही जात. त्यासाठी रेट्रोटिंक किंवा ओएसएससी सारखा लाइन डबलर (ओळी न विणता दुप्पट करणारी डबी) लागतो, आणि त्याची किंमत डब्याच्या कितीतरी पट असते. दारात जुना काचेचा टीव्ही कुणी टाकून देत असेल तर तो उचला, सगळ्यात स्वस्त उपाय तोच.

आडगावकर
बंदूक चालत नाही. डक हंट, बदकं मारायचा खेळ. टीव्ही नवा आहे. सेटिंग आहे का काही?

ऊन-सावली
नाही. घोडा दाबला की खेळ एक फ्रेम पडदा पूर्ण काळा करतो, पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. दोन बदकं असतील तर एकापाठोपाठ एक. बंदुकीतला सेन्सर उजेड कुठल्या फ्रेमला आला ते पाहतो. एलईडी टीव्ही चित्र काही फ्रेम उशिरा दाखवतो, तोवर खेळाचं उत्तर ठरून गेलेलं असतं: नेम चुकला. शिवाय मूळ बंदुकीतलं सर्किट काचेच्या टीव्हीच्या साधारण १५ किलोहर्ट्झच्या लयीलाच ओळखतं, म्हणजे बल्बकडे बंदूक रोखून फसवता येऊ नये. एलईडी पडद्यात ती लयच नसते.

खटका
उशीर हा विषय निघालाच आहे तर. ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० चित्रं) एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद, ५० हर्ट्झला २०, १२० हर्ट्झला ८.३. जुन्या यंत्रात रिमोटचं (खेळायच्या, टीव्हीच्या नव्हे) बटण दर फ्रेमला एकदा वाचलं जातं आणि काचेच्या टीव्हीवर चित्र तयार होता होताच उमटतं. मध्ये साठवण नाहीच. त्यामुळे इतका दुबळा प्रोसेसर असून तो डबा बोटाला झटपट वाटतो. नव्या यंत्रात वायरलेस रिमोट, खेळाचं इंजिन, ग्राफिक्सची रांग आणि टीव्हीचं सुशोभीकरण अशा चार जागी थोडा थोडा वेळ जातो. यांत सगळ्यात मोठा चोर टीव्ही.

मोजायची घरगुती रीत: फोनचा स्लो-मोशन २४० फ्रेमवर ठेवा, बटणावरचा अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत घ्या, बटण खाली बसल्यापासून पात्र हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. फोनची एक फ्रेम ४.२ मिलिसेकंद. दहा वेळा करून सरासरी काढा. मग टीव्हीचा 'गेम मोड' लावून परत मोजा. फरक कागदावर दिसतो.

पीएस५ किंवा मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स असेल तर टीव्हीच्या मागे बघा: १२० हर्ट्झ ४के घेणारी एचडीएमआय खाच बहुतेकदा सगळ्यांत नसते, एक-दोनच असतात. कन्सोलबरोबर आलेलीच वायर वापरा. पीएस५ चा रिमोट वायरने चालवायचा तर नुसती केबल जोडून भागत नाही, ॲक्सेसरीज, कंट्रोलर, संपर्क पद्धत इथे यूएसबी निवडावं लागतं. नाहीतर केबल फक्त चार्ज करते आणि बोलणं ब्लूटूथवरच चालू राहतं.

वाचनमात्र
पन्नास हर्ट्झवरून एक. आपल्याकडच्या पाल (५० हर्ट्झच्या) पद्धतीच्या डब्यांवर साठ हर्ट्झसाठी लिहिलेले खेळ सहापैकी पाच भाग वेगाने चालतात, संगीतसुद्धा. इंटरनेटवर मूळ मारिओचं संगीत ऐकून 'हे इतकं पळतंय का' असं वाटतं ते यामुळे. पळत नाहीये, आपल्याकडचंच रेंगाळत होतं.

गावठी सर्किट
रिमोटची तुलना करू. जुन्या रिमोटमध्ये पाच वायरी: ५ व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक, डेटा. आत ४०२१ ही शिफ्ट रजिस्टर चिप, किंवा नकलेत काळ्या थेंबाखाली दडवलेली चिप. ती आठ बटणांची स्थिती एकामागून एक पाठवते. म्हणून बिघाड ओळखणं सोपं.

सगळीच बटणं मेली: वायर तुटली, दहापैकी नऊ वेळा रिमोटच्या मानेपाशी. तिथून पाच सेंटिमीटर कापा, रंग लिहून ठेवा, परत सोल्डरचा डाग द्या, आतल्या बाजूला वायरला गाठ मारा म्हणजे ताण सोल्डरवर येत नाही.
एकच बटण मेलं: रबराखालची काळी टिकली झिजली किंवा पाटीवरचा (सर्किट बोर्डवरचा) कार्बन मळला. पाटी अल्कोहोलने पुसा. टिकलीला ६बी पेन्सिल घासून काही दिवस निघतात, कायमचं करायचं तर टिकलीच बदला.
बटण दाबून ठेवल्यासारखं वाटतं: आत सरबत सांडलंय. उघडा, धुवा, वाळवा.

आता नवा रिमोट. त्याचा ठरलेला आजार म्हणजे अंगठ्याने फिरवायची स्टिक आपोआप सरकणं. निन्टेन्डो स्विच कन्सोलच्या जॉयकॉन रिमोटपासून पीएस५ च्या ड्युअलसेन्सपर्यंत बहुतेकांत स्टिकखाली कार्बनच्या पट्टीवर घासणारी पत्ती असते. पट्टी झिजली, भुकटी साचली की मधली जागा सरकते. क्रम असा: आधी रिमोट रीसेट करा, फर्मवेअर अद्ययावत करा, खेळात 'डेड झोन' (स्टिकची दुर्लक्ष करायची मधली जागा) वाढवून बघा. मग कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक हलका फवारा स्टिकच्या बुडाशी, वीस-तीस फेरे फिरवा, पूर्ण वाळू द्या. पट्टी खरंच झिजली असेल तर हे फार टिकत नाही. मग मॉड्यूल बदलायचं.

ड्युअलसेन्सला एका स्टिकचे १४ सोल्डर असतात: दोन सेन्सरांचे तीन-तीन, बटणाचे चार, आधाराचे चार. त्यांतले ग्राउंडला जोडलेले लवकर वितळत नाहीत, कारण तांब्याचा मोठा पत्रा उष्णता ओढून घेतो. जोर लावून उपटलं की पाटीच्या आतली तार निघते आणि रिमोट कचऱ्यात. कमी तापमानाला वितळणारं सोल्डर वरून मिसळा, मग पंपाने ओढा. नवं मॉड्यूल हॉल किंवा टीएमआर जातीचं घ्या. त्यात चुंबक असतो, घासत काही नाही, म्हणून झीज नाही. बसवल्यावर मधली जागा आणि कडा परत शिकवाव्या लागतात. नाही शिकवल्या तर नवा सुटा भागही सरकतोच आणि लोक दुकानदाराशी भांडतात.

आडगावकर
म्हणजे जुने रिमोटच दणकट.

गावठी सर्किट
जुन्यात स्टिकच नव्हती हो. आठ बटणांत बिघडणार काय? १९९६ च्या निन्टेन्डो ६४ ला स्टिक आली आणि तीही झिजायची. सेन्सर प्रकाशाचा होता, पण खालचं प्लास्टिकचं भांडं घासून पांढरी भुकटी व्हायची.

सोल्डरमामा
'जुने दणकट' यावर माझंही थोडं. आज जे चालू दिसतात ते उरलेले आहेत, मेलेले भंगारात गेले. नकली डब्यांत ॲडॉप्टरची खाच आणि कॅसेटची खाच या दोन जागी सोल्डर हमखास सुटायचं. फरक एवढाच की ते सोल्डर डोळ्याला दिसतं आणि २५ वॉटच्या सोल्डरिंग बोल्टने परत लागतं. २००५ चा एक्सबॉक्स ३६० घ्या: लाल दिव्यांचा बिघाड ग्राफिक्स चिपखालच्या सूक्ष्म जोडांचा होता, तापणं-निवणं करून ते तडकत. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला त्याची वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली, एक अब्ज डॉलरच्या वर खर्च धरून. तो जोड बोल्टने लागत नाही. टॉवेल गुंडाळून तापवायचा 'उपाय' तेव्हा खूप पसरला होता. त्याने दोन दिवस चालतो आणि मग बाकीचेही जोड जातात.

तबकडी
डिस्कबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून.

सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे तिन्ही १.२ मिलिमीटर जाड, पण माहितीचा थर वेगवेगळ्या खोलीवर. पीएस१ च्या सीडीत तो वर, लेबलच्या लगेच खाली. खालच्या बाजूला ओरखडा गेला तर पॉलिश करून निघतो, पण लेबलच्या बाजूने नखाने खरवडलं की माहितीच गेली. उजेडाकडे धरून सुईएवढी भोकं दिसली तर पैसे देऊ नका. पीएस२ च्या डीव्हीडीत थर मध्यावर, दोन्ही बाजूंनी ०.६ मिलिमीटर संरक्षण. पीएस३ पासूनच्या ब्लू-रेमध्ये थर खालून अवघा ०.१ मिलिमीटर आत, म्हणून वर कडक लेप दिलेला. लेप बारीक ओरखडे झेलतो. मात्र पॉलिश मशीनवर घातली तर आधी तो लेपच निघतो. सीडीवाल्या दुकानदाराला ब्लू-रे देऊ नका. टूथपेस्ट कुठल्याच डिस्कला नको.

पुसायची ती मधून कडेकडे, सरळ रेषेत. गोल नाही, कारण माहितीची वाट गोल असते आणि त्या वाटेने गेलेला लांब ओरखडा दुरुस्ती-गणिताला झेपत नाही.

पीएस१ उलटा ठेवल्यावर चालायचा ते खरं आहे. १९९४ च्या पहिल्या मॉडेलांत लेझरची गाडी प्लास्टिकच्या रुळावर होती. रूळ झिजून लेझर तिरका व्हायचा, उलटा केला की वजन दुसऱ्या बाजूला. पीएस२ डिस्क वाचत नसेल तर आधी भिंग अल्कोहोलच्या काडीने पुसा, रूळ साफ करून प्लास्टिकला चालणारं पांढरं ग्रीस अगदी थोडं लावा. लेझरच्या बाजूचा बारीक स्क्रू फिरवून 'ताकद वाढवायचा' सल्ला मिळेल. त्याने वाचतो, पण जास्त करंटवर लेझर लवकर जळतो. तो शेवटचा उपाय समजा.

वाचनमात्र
पीएस२ ला पेनड्राइव्ह लावून खेळ चालवणाऱ्यांसाठी: त्याची यूएसबी १.१ आहे, सेकंदाला जेमतेम १ एमबी. खेळ चालतो, मधले व्हिडीओ अडखळतात. पेनड्राइव्ह महाग घेऊन काही फरक पडत नाही.

लोडशेडिंग
नव्या कन्सोलमध्ये सगळ्यात आधी कमी पडते ती जागा. पीएस५ चं पहिलं मॉडेल ८२५ जीबी, वापरायला मिळतात ६६७. एक्सबॉक्स सिरीज एस ५१२ चा, मिळतात ३६४. म्हणजे मोठे खेळ तीनच. पन्नास एमबीपीएस लाइनवर १०० जीबी उतरवायला साडेचार तास, तेही लाइन पूर्ण वेगाने चालली तर.

पीएस५ मध्ये एसएसडी वाढवायची रीत: एम.२ एनव्हीएमई, पीसीआयई ४.० जातीची, वाचनवेग सेकंदाला ५५०० एमबी किंवा जास्त, हीटसिंकसकट (उष्णता काढणाऱ्या धातूच्या पट्टीसकट) उंची ११.२५ मिलिमीटरच्या आत. उंची आधी मोजा, बाजारातले कॉम्प्युटरसाठीचे काही हीटसिंक बसतच नाहीत. कन्सोल अद्ययावत करा, पूर्ण बंद करा. रेस्ट मोड म्हणजे बंद नव्हे. सगळ्या वायरी काढा, निवू द्या, आडवा ठेवा. बाजूचं पांढरं झाकण कोपऱ्यातून उचलून सरकवा. आतल्या पट्टीचा एक स्क्रू काढा, स्पेसर २२८० (८० मिलिमीटर लांब एसएसडी) च्या भोकावर आणा, एसएसडी तिरकी घालून दाबा, स्क्रू लावा. चालू केल्यावर फॉरमॅट विचारतो. बाहेरची यूएसबी हार्ड डिस्क स्वस्त पडते, पण तिच्यावरून फक्त पीएस४ चे खेळ चालतात, पीएस५ चे नुसते ठेवता येतात.

झाकण काढलंच आहे तर धूळ साठवायची दोन भोकं दिसतील, तिथे व्हॅक्यूम क्लीनर लावा. त्यापुढे जाऊ नका. प्रोसेसरवर द्रवरूप धातू आहे, पेस्ट नाही. तो विजेचा वाहक आहे आणि उघडझाक करताना ओघळला की बोर्ड जातो.

वीज. पीएस५ जड खेळात २०० वॉटच्या आसपास, पाच तासांत एक युनिट. जुना डबा चारेक वॉट, पण त्याच्याबरोबरचा २१ इंची काचेचा टीव्ही साठ-सत्तर वॉट खायचा, ते कुणी मोजत नाही. जुन्या डब्याची वीज गेली तर फक्त डाव जातो. नव्याची गेली आणि तो नेमका लिहीत असेल तर फाइल बिघडते, पुढच्या वेळी 'स्टोरेज दुरुस्त करतोय' म्हणून दहा मिनिटं बसावं लागतं. वीज लहरी असेल तर ६०० व्हीएचा यूपीएस घ्या, तो साधारण ३६० वॉट देतो. कन्सोल आणि ४३ इंची टीव्ही मिळून काही मिनिटं मिळतात, सेव्ह करून बंद करायला पुरेशी. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चालवू नका.

खारा वारा
किनारपट्टीवाल्यांसाठी. रत्नागिरी-मालवण-पणजीकडे कॅसेटच्या पिना पुण्यापेक्षा लवकर हिरव्या पडतात. हिरवं साचलं असेल तर आधी पांढऱ्या व्हिनेगरची काडी, मग लगेच अल्कोहोल, नाहीतर आम्ल खात राहतं. पावसाळ्यात घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. जेल रंग बदलली की तव्यावर मंद आचेवर वाळवून परत. नुसत्या पिशवीत बांधलं तर ओल आत कोंडते. डिस्कच्या कन्सोलचं भिंग बुरशी धरतं. महिन्यातून एकदा अर्धा तास चालू ठेवलं तर आतली ऊब ओल हाकलते.

आणि झुरळं. पीएस४ मध्ये पॉवर सप्लाय आतच, उबदार, आणि हवेच्या फटी रुंद. आत मेलेलं झुरळ पॉवर सप्लाय शॉर्ट करतं. फटींवर जाळी लावू नका, हवा अडते. कन्सोल जमिनीपासून उंच, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा आणि मागे झुरळांच्या जेलचे ठिपके लावा. जुन्या डब्याला पंखाही नव्हता आणि फटीही नावापुरत्या, त्यामुळे तिथे हा प्रश्न नव्हता.

सातासमुद्रापार
अमेरिकेतून भारतात यंत्रं पाठवणाऱ्या मंडळींना सूचना, न्यू जर्सीहून. जुन्या एनईएसचा (फॅमिकॉमच्या अमेरिकन अवताराचा) ॲडॉप्टर १२० व्होल्टचा. आपल्या २३० वर लावला की क्षणात जळतो. शिवाय तो ९ व्होल्ट एसी देतो, डीसी नाही. एनईएसच्या आत रेक्टिफायर असल्याने भारतात ९ व्होल्ट १ अँपिअरचा साधा डीसी ॲडॉप्टर त्याला चालतो, पिनेची दिशा कुठलीही असो. उलटं मात्र करू नका. एनईएसचा एसी ॲडॉप्टर फॅमिकॉमच्या नकलेला लावला तर नक्कल मरते. कॅसेटही जुळत नाहीत, एनईएसच्या ७२ पिना, त्यासाठी अडॅप्टर लागतो. एनईएस सेकंदाला एकदा लुकलुकत असेल तर त्यातली कुलूप-चिप कॅसेटमधल्या जोडीदार चिपशी बोलू शकत नाहीये. पिना साफ करा. नकलांमध्ये हे कुलूपच नव्हतं.

आताच्या कन्सोलला हा त्रास नाही, १०० ते २४० व्होल्ट चालतं, आठाच्या आकाराची वायर बदलली की झालं. खेळही प्रदेशमुक्त. अट एवढीच की विकत घेतलेली जास्तीची भर ज्या देशाची डिस्क त्याच देशाच्या स्टोअरमधून घ्यावी लागते. सिनेमाच्या डिस्क मात्र अजून बांधलेल्या: ब्लू-रे अमेरिकेत ए, भारतात सी. स्विच भारतात निन्टेन्डो अधिकृतपणे विकत नाही. बाहेरून आणलेल्याची वॉरंटी इथे धरू नका.

खटका
मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत आणि ऑनलाइन मिळणारी 'दहा हजार खेळांची ४के गेम स्टिक' कुणी घेणार असेल तर: ४के हे खोक्यावर असतं. आठ आणि सोळा बिटचे खेळ ठीक चालतात, निन्टेन्डो ६४ च्या वर्गाचे अडखळतात. टीव्हीच्या यूएसबीवर वीज कमी पडून आपोआप रीस्टार्ट होते, वेगळा ५ व्होल्ट १ अँपिअर द्या. रिमोटचा रिसीव्हर टीव्हीच्या मागे दडला की बटणं गळतात, छोट्या एक्स्टेन्शन वायरने पुढे आणा. आणि घरी आणल्याबरोबर आतल्या मेमरी कार्डाची पूर्ण नक्कल चांगल्या कार्डावर काढा, बरोबर आलेलं कार्ड हा तिचा सगळ्यात कच्चा भाग.

टिंब
मालकीबद्दल कुणी लिहावं असं वाटत होतं, मीच लिहिते. कॅसेट हातात म्हणजे खेळ हातात, हे आता अर्धवटच खरं आहे. २०२५ च्या स्विच २ ला 'गेम-की कार्ड' नावाचा प्रकार आहे: कार्डात खेळ नाही, फक्त किल्ली, खेळ डाउनलोडच करायचा. खोक्यावर खुणेची पट्टी असते, घेताना वाचा. पीएस५ स्लिमचा काढता येणारा डिस्क ड्राइव्ह पहिल्यांदा जोडताना इंटरनेट मागतो. निन्टेन्डोच्या थ्रीडीएस आणि वी यू या कन्सोलांचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं. 'द क्रू' हा खेळ मार्च २०२४ अखेर सर्व्हर बंद झाल्यावर डिस्क असूनही चालेनासा झाला. पीएस४ मध्ये आतला बटण-सेल संपला आणि सोनीचा सर्व्हर मिळाला नाही तर खेळच उघडत नसत. ते सप्टेंबर २०२१ च्या ९.०० अपडेटने सुधारलं. जुना पीएस४ घेत असाल तर आवृत्ती आधी बघा.

वाचनमात्र
सेलवरून आठवलं. जुन्या कॅसेटमधल्या सेव्हचं काय करायचं?

सोल्डरमामा
आपल्याकडच्या बहुतेक साठ पिनी कॅसेटमध्ये सेव्ह नव्हतंच, म्हणून तर काँट्रा खेळात जास्तीचे जीव मिळवायला वर वर खाली खाली डावा उजवा डावा उजवा बी ए ही बटणं. पण मूळ झेल्डा, एसएनईएसचे (एनईएसनंतरच्या सुपर निन्टेन्डोचे) खेळ यांत सीआर२०३२ असतो, पत्त्या वेल्ड केलेला. मीटरवर ३ व्होल्टच्या आसपास हवा. अडीचच्या खाली गेला की सेव्ह जाण्याची वेळ आली. सेल काढला की आतलं सेव्ह पुसलं जातं, म्हणून आधी कॅसेट वाचणाऱ्या यंत्राने सेव्ह कॉम्प्युटरवर उतरवा. साध्या सेलवर थेट बोल्ट टेकवू नका, तापून फुटतो. पत्त्या लावलेलाच मागवा. अधिक-उणे पाटीवर छापलेलं असतं, काढायच्या आधी फोटो घ्या.

गेमबॉय या हातातल्या कन्सोलचा पोकेमॉन असेल तर वेगळं. गोल्ड-सिल्व्हरमध्ये सेव्ह आणि घड्याळ दोन्ही एकाच सीआर२०२५ वर, त्यामुळे तो लवकर संपतो आणि सेव्हही जातं. रुबी-सफायरमध्ये सेव्ह फ्लॅश चिपवर असतं, सीआर१६१६ फक्त घड्याळासाठी. 'बॅटरी संपली' असा संदेश आला तरी सेव्ह शाबूत आहे. घाईने काही करू नका, घड्याळावर चालणाऱ्या गोष्टी, उदाहरणार्थ लावलेली झाडं, तेवढ्या थांबतात.